बाबांनी बसवलेला बोर्ड

आमच्या नांदेडच्या घराची सगळी वायरिंग बाबांनी स्वतः केलेली. ते कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिकच्या कामाला होते. मोटार जळाली, स्टार्टर बंद पडला, की रुईच्या धुराळ्यात तोंडाला उपरणं बांधून तेच आत शिरायचे. आमच्या तीन खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी सलग चार रविवार घालवून पुढच्या खोलीत दारामागे लाकडी बोर्ड बसवला. सागाची फळी, तिच्यावर चिनी मातीचे सहा पांढरे फ्यूज आणि खाली लोखंडी मेन स्विच. मी तेव्हा दुसरीत होते. स्टुलावर उभ्या बाबांना खालून एकेक स्क्रू द्यायचं काम माझ्याकडे होतं.

आई गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच. लग्नाचा विषय मी तिशीतच बंद केला होता. भोकरकडच्या एका शाळेवर शिकवते, सकाळच्या गाडीने जाते, दुपारी परत येते. धाकटा भाऊ लातूरला असतो. रुईने बाबांची फुप्फुसं आतून खाल्ली होती, ते निवृत्तीनंतर कळलं. आता तीन वर्षं झाली, त्यांच्या पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन चालू असतं. नाकात नळी, नळीला लांब पाइप. एका दमात चार शब्द बोलतात, मग थांबतात. मशीन बंद झालं तर अर्धा तास कसाबसा निघतो.

मशीन आलं, मागोमाग कूलर आला, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या खोलीत एसी बसवला. तेव्हापासून फ्यूज उडायला लागला. फ्यूजमध्ये बारीक तार असते. भार जास्त झाला की तिने वितळावं आणि लाईट तोडावी, एवढंच तिचं काम. बाबांना उठवत नव्हतं, म्हणून ती तार बदलायला मी शिकले. पलंगावरून त्यांची विचारणा यायची.

"किती पदर लावले?"

"एक."

"दोन लाव. टिकंल."

मी दोन लावले. मे महिन्यात दोन पदरही उडाले तेव्हा त्यांना न विचारता तीन लावले. त्यानंतर फ्यूज उडाला नाही. मला त्याचं समाधान वाटलं होतं, हे इथे लिहायला लाज वाटते.

या वर्षी बाबांच्या खोलीला लागून संडास-बाथरूम काढायचं ठरलं. त्यांना अंगण ओलांडून जाणं होत नव्हतं. मधली भिंत पाडली, नवी बांधली, जुने लोखंडी नळ काढून प्लास्टिकचे टाकले. गिलावा झाला. मिस्त्री रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारायचा. बाथरूमच्या दिव्यासाठी वायरमनला बोलावलं. गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. साठीच्या आसपासचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी बोर्डाचे वरचे स्क्रू सैल करून फळी जराशी पुढे ओढली. मग फळीवर मागच्या बाजूने बोट फिरवून ते मला दाखवलं. बोट काळंकुट्ट झालं होतं.

"ताई, ही फळी जळून राहिली आतून. वास न्हाई आला कधी?"

वास आला होता. मला वाटलं होतं, एसीचा असेल.

त्यांनी तो फ्यूज उपसला आणि तार उजेडात धरली. "तीन पदर? हे कुणी केलं?"

बाबा उघड्या दारातून आमच्याकडेच बघत होते. "मी," मी म्हटलं.

मामांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तार जळाया पाह्यजे ताई. ती न्हाई जळली तर मग भिंत जळती."

मग त्यांनी विचारलं, अर्थिंग कुठं आहे. बाबांनी मान वर करून सांगितलं, "नळाला. लोखंडी... नळाला बांधलीय." मामा बाहेर जाऊन नळ बघून आले. मागच्याच आठवड्यात आम्ही तो लोखंडी नळ भंगारात दिला होता. अर्थिंगची हिरवी तार तुटक्या टोकासकट भिंतीला नुसती लोंबत होती. म्हणजे आठ दिवस मशीन, एसी, हीटर, सगळ्याला झटक्यापासून काहीच आधार नव्हता, आणि मी रोज ओल्या हाताने बटणं दाबत होते.

"बोर्ड पूर्ण बदलावा लागंल," मामा म्हणाले.

बाबांना ते पटेना. "चाळीस वर्षं... कुणाला झटका... न्हाई बसला."

मामा पलंगापाशी जाऊन उकिडवे बसले. "बाबा, काम तुमचं चोख हाय. जोड बघितले मी. आजकाल असं कोण करतंय? पण तवा घरात चार बल्ब अन् एक पंखा व्हता."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

खरी अडचण पुढेच होती. मामा चालू लाईनीवर हात लावायला तयार नव्हते. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून येणारी तार जिवंतच राहते, ती खांबावरूनच सोडवावी लागते, आणि ते काम वीज कंपनीच्या माणसाचं. मी अर्ज दिला, दोन फेऱ्या मारल्या, दिवस ठरला. दिवसभर घरात लाईट नसणार होती. इन्व्हर्टर नव्हता. तो जळक्या बोर्डाला जोडायला मामांनीच नको म्हटलं होतं, नव्या बोर्डाबरोबर घ्यायचा होता. मग ठरलं असं, की शेजारच्या वहिनींच्या घरातून जाड वायर ओढून त्याच्यावर बाबांचं मशीन चालवायचं, आणि हाताशी ऑक्सिजनचं एक छोटं सिलिंडर भाड्याने आणून ठेवायचं. भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मस्त प्लॅन आहे ताई." मलाही तसंच वाटलं होतं.

ठरल्या दिवशी मी शाळेला सुट्टी टाकली. दहा वाजता लाइनमन आला, शिडी लावली, खांबावरून आमची तार सोडवली आणि दुसरीकडच्या तक्रारीवर निघून गेला. घर एकदम गप्प झालं. फक्त बाबांचं मशीन वहिनींच्या लाईटवर घरघरत होतं. मामांनी टेस्टर लावून एकेक टोक तपासलं, मग पुन्हा सगळी टोकं तपासली, आणि तेव्हा कुठे जुन्या बोर्डाला हात घातला.

"स्क्रू... नीट काढा," बाबा आतून म्हणाले. "पितळी हायेत."

"हाव बाबा, एकबी टाकत न्हाई."

फळी निघाली तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा जुन्या निळ्या चुन्याचा चौकोन दिसला. मामांनी ती अंगणात उन्हाला टेकवली. मग अंगणातच पहारीने खड्डा घेतला, त्यात तांब्याचा रॉड ठोकला, मीठ-कोळसा टाकला, पाणी ओतलं. ही खरी अर्थिंग. मग भिंतीवर नवी लोखंडी पेटी. प्रत्येक खोलीला वेगळा ब्रेकर, आणि सगळ्यांच्या आधी एक मोठा. मामांनी मला तो समजावून सांगितला. घरात कुठेही करंट गळायला लागला, भिंतीत, नळात किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत, तर तो क्षणात पडतो. मी ते शाळेतल्या पोरासारखं ऐकून घेतलं.

साडेबाराला बाबांचं मशीन टीं टीं करून बंद पडलं.

मला वाटलं, वायर निसटली. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "आमची पण गेली हो. सगळ्या गल्लीची गेली."

मशीनची ती शिटी बंद कशी करायची तेही मला सुचेना. मामांनी धावत येऊन सिलिंडर उघडलं आणि बाबांची नळी त्याला जोडली. काटा भरलेल्या खुणेवर होता. मी वीज कंपनीत फोन लावला. लागला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, फीडरवर, म्हणजे आमच्या भागाच्या मुख्य लाईनवर, काम चालू आहे. किती वेळ लागेल विचारलं, तर म्हणाला, "सांगता येणार नाही मॅडम." घरात ऑक्सिजनचा पेशंट आहे म्हटल्यावर तो तेच वाक्य जरा मऊ आवाजात बोलला.

सिलिंडरवाल्याला फोन केला, तो म्हणाला, दुसरं सिलिंडर चारनंतर येईल. भावाला फोन केला. त्याने काट्याचा फोटो मागितला, मी पाठवला. बाबांच्या बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा फोटो मागितला, तोही पाठवला. मग तो म्हणाला, "मी निघतो इथून." लातूरहून नांदेडला यायला तीन तास लागतात, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

बाहेर ऊन भाजत होतं. पंखा नाही, कूलर नाही. मी एका हाताने पुठ्ठ्याने बाबांना वारा घालत होते आणि नजर काट्यावर होती. काटा हलताना दिसत नाही. नजर काढून पुन्हा बघितलं की मात्र तो थोडा खाली आलेला असतो. दीड वाजता तो निम्म्यावर आला. पुढच्या खोलीत मामा काम करतच होते. लाईट गेल्याने त्यांना काही फरक पडत नव्हता. पेचकस फिरल्याचा आवाज येत होता. त्या आवाजाचा मला आधार वाटत होता, आणि थोड्या वेळाने त्याच आवाजाचा रागही यायला लागला.

बाबांनी माझा हात धरला. "दोनवरनं... एकवर कर."

"काहून?"

"पुरंल मग."

ऑक्सिजनची धार कमी करायला सांगत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या सगळ्या आयुष्यात या माणसाने सांगितलं तसं केल्यावर दिवे लागले होते. मी खुंटी फिरवून धार एकवर केली.

बोटावरचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता, तो पंच्याऐंशी झाला. मग ब्याऐंशी. नखं जांभळी पडायला लागली. मी धार पुन्हा वाढवायला हात नेला, तर त्यांनी मनगट पकडलं. त्यांच्या हातात जोर नव्हता. मी सहज सोडवून घेऊ शकले असते. मी तशीच बसून राहिले. किती वेळ ते नक्की सांगता येत नाही. वहिनी दारातून म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स बोलवा ना," तेव्हा मी एकशे आठला फोन लावला.

बाबा मान हलवत राहिले. "न्हाई जायचं... दवाखान्यात. लाईट... येतीय."

"बाबा, फक्त लाईट येईपर्यंत."

"न्हाई."

मी विनवलं. मग मी ओरडले. मग रडले, आणि रडता रडता मामांना हाक मारली, जणू तेच या घरातले मोठे होते. मामा पेचकस हातात घेऊनच आले. त्यांनी बाबांची नखं बघितली. आधी धार पुन्हा दोनवर केली. बाबांनी त्यांचं मनगट काही पकडलं नाही. मग म्हणाले, "बाबा, मी खरं सांगतो. लाईट आली तरी आज ती मशीनपोत्तर जाईल याचा मला भरवसा न्हाई. भिंत ओली हाय. टेस्ट केल्याबिगर मी चालू करणार न्हाई. तुम्ही असता तर चालू केली असती का?"

बाबांनी दारातून नव्या पेटीकडे बघितलं. "न्हाई," ते म्हणाले.

"मग जा."

ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर दारातून वळेना, म्हणून मामांनी आणि ड्रायव्हरने बाबांना खुर्चीत बसवून उचललं. अंगणातून जाताना बाबांची नजर उन्हात टेकवलेल्या फळीवर गेली. तिची जळकी बाजू वर होती. ती उलटी करून ठेवायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात पहिला तासभर पलंग नव्हता. बाबा खुर्चीतच बसले होते. भिंतीतून येणाऱ्या ऑक्सिजनची नळी शेजारच्या माणसाच्या पलंगावरून ओढून त्यांना लावली होती. आकडा नव्वदवर आला. मी दोन्ही हातांनी त्यांची खुर्ची धरून उभी होते. कशाला धरली होती, काय माहीत.

पाच वाजता मामांचा फोन आला. लाईट आली होती, खांबावरची तारही जोडली होती. पण मोठा ब्रेकर राहत नव्हता. वर केला की पडायचा.

"ताई, नव्या भिंतीच्या बाजूला कुठंतरी जुना जोड गाडलेला हाय. त्याला पाणी लागलंय. बाबांना इचारा जरा, कुठंय ते. न्हाईतर सगळा गिलावा फोडावा लागंल."

मी बाबांना विचारलं. मास्कच्या आत त्यांचा चेहरा एकदम जागा झाला. त्यांनी हाताने लिहिण्याची खूण केली. मी केसपेपर उलटा करून पेन दिलं. त्यांनी आमचं घर काढलं. तीन चौकोन, दार, खिडकी. दारापासून एक रेघ निघाली, कोपऱ्यात वळली, वर गेली. तिथे त्यांनी फुली मारली. मग थांबले, ती फुली खोडली, खाली दुसरी मारली. पुन्हा थांबले. पेन कागदावर टेकवून नुसतेच बसले.

"आठवंना," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसऱ्या फुलीवर बोट ठेवलं. "हितं. हितंच असंल."

मी मामांना फोनवर सांगितलं. खिडकीच्या उजवीकडे, कमरेएवढ्या उंचीवर. त्यांनी तिथे फोडलं. काही नव्हतं. तोवर भाऊ लातूरहून येऊन पोहोचला होता आणि बाबांच्या पायाशी बसला होता. मामांचा पुन्हा फोन आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्यांनी एकेका खोलीच्या तारा सोडवून मोजून बघितल्या. शेवटी जोड सापडला तो छतालगत, जुन्या भिंतीच्या अगदी दुसऱ्या टोकाला. सुती पट्टी गुंडाळलेली, ओली गच्च. त्यांनी तो पूर्ण काढून नवीन तार ओढली.

बाबा डोळे मिटून पडले होते. जोड सापडल्याचा तो फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "सापडला?"

"सापडला."

"कुठं?"

भाऊ माझ्याकडे बघत होता.

"तुम्ही सांगितलं तिथंच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्या रात्री ते शांत झोपले, असं भावाने सांगितलं.

चौथ्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं. मशीन चालू झालं, एसी लागला. मामांनी बाबांसमोर नव्या पेटीवरचं तपासणीचं बटण दाबलं. खटकन मोठा ब्रेकर पडला. मामांनी तो परत वर केला. "महिन्यातून एकदा दाबून बघत जा ताई," ते मला म्हणाले, पण बघत होते बाबांकडे. बाबांनी त्यांना नमस्कार केला. आजवर मी त्यांना कुणा कामगाराला असा नमस्कार करताना बघितलं नव्हतं. ते स्वतःच आयुष्यभर कामगार होते.

मामा गेल्यावर बाबा भिंतीकडे बघत पडले. गिलाव्याला दोन ठिकाणी ठिगळं होती. एक खिडकीपाशी, कमरेच्या उंचीवर. दुसरं वर, छताला लागून, हातभर लांब. पहिल्या ठिगळातली वीट नुसती उकरून परत भरलेली होती. दुसऱ्यातून नवी पट्टी सरळ खाली आली होती. ज्याने तारा ओढण्यात उमर घालवली, त्याला कुठे काय सापडलं ते सांगायची गरज नव्हती.

मी चहा घेऊन आले. त्यांनी कप घेतला नाही.

"वर होता," ते म्हणाले.

मी कप स्टुलावर ठेवला.

"मला वाटलं... खाली होता."

एवढंच बोलले. मी त्यांच्या नळीचा पीळ सरळ केला, उशी वर घेतली, पुन्हा नळीकडे बघितलं. दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी कपासाठी हात पुढे केला.

पुढच्या आठवड्यात इन्व्हर्टर आला. मशीन त्याच्यावर अडीच तास चालतं. एक भरलेलं सिलिंडर आता कायम पलंगाखाली असतं. पेटीत आता काही जळत नाही, वास येत नाही. मामांनी केलेलं काम पक्कं आहे. पण आमच्या फीडरवरची लाईट आठवड्यातून दोन-तीनदा जाते. ती गेली की मी शाळेत असले तर वहिनी फोन करतात, आणि मी वर्गात खडू हातात धरून घड्याळ बघत राहते. अडीच तासांतून किती गेले ते मोजते. दुपारपर्यंत परतीची गाडी नसते. घरी असले तर बाबा आणि मी एकमेकांकडे बघतो. मग मी सिलिंडर बाहेर ओढते, आणि धार किती ठेवायची ते बाबा मला सांगत नाहीत.